धोतऱ्याचा धूर आणि दम्याची ‘वाफ’

दम्याचा जोराचा झटका आलेलं मूल इस्पितळात आणलं, की त्याच्या नाकातोंडावर मास्क बसवतात. आपण म्हणतो, ‘वाफ दिली’. ती वाफ नव्हेच. नेब्युलायझरने केलेले औषधाचे बारीक तुषार असतात ते. झटका गंभीर असेल तर त्यात बहुधा दोन औषधं असतात, साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम. या दुसऱ्याचं कूळ शोधत गेलं, तर आपण महादेवाला वाहायच्या धोतऱ्यापाशी पोहोचतो.

धोतरा विषारी, हे मुलांना बजावून सांगावंच लागतं. पण त्याच्या धुराने दमेकऱ्याची छाती मोकळी होते, हे आपल्याकडे ठाऊक होतं. १८०२ मध्ये मद्रासेतल्या जनरल जेंट यांच्यामार्फत ही माहिती ब्रिटनमध्ये गेली. पुढे शंभराहून अधिक वर्षं तिकडे धोतऱ्याच्या पानांच्या ‘दम्याच्या सिगारेटी’ विकल्या जात होत्या. आराम पडायचा; पण घशाला कोरड, काळजात धडधड, मात्रा वाढली तर भ्रमही. यातलं मुख्य द्रव्य ॲट्रोपिन. त्याच्या रेणूत बदल करून इप्राट्रोपियम तयार झालं आणि १९७०च्या दशकात वापरात आलं. ते रक्तात फारसं उतरत नाही, त्यामुळे भ्रमाची भीती गेली.

साल्ब्युटामॉलच्या घराण्याची कथा मात्र दुःखाची आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत खिशात मावणारा, मोजून मात्रा देणारा फवारा आला. त्यात असायचं आयसोप्रेनालिनसारखं औषध. ब्रिटनमध्ये तो घरोघर गेला, आणि १९५९ ते १९६६ या काळात तिथे दहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे दम्याने होणारे मृत्यू सात-आठ पटींनी वाढले! काहींनी औषधाच्या जहाल मात्रेला दोष दिला. काही म्हणाले, फवाऱ्याने तात्पुरतं बरं वाटतं, म्हणून डॉक्टरकडे जायला उशीर होतो. दोन्हींत तथ्य असावं. १९६७ मध्ये डॉक्टरांना इशारा गेला, पुढच्या वर्षी चिठ्ठीविना विक्री थांबली. मृत्यू कमी झाले. १९६९ मध्ये आलेलं साल्ब्युटामॉल हृदयाला पुष्कळ कमी छेडतं.

मग ही दोन औषधं एकत्र दिली तर? १९९८ साली अमेरिकेत ४३४ मुलांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तातडीच्या विभागात आलेल्या, गंभीर झटक्याच्या मुलांपैकी नुसत्या साल्ब्युटामॉलवर ५२.६ टक्के मुलांना दाखल करावं लागलं. इप्राट्रोपियमची जोड दिल्यावर ३७.५ टक्के. धोतऱ्याच्या वंशजाची ही मोठीच कामगिरी.

साहजिकच वॉर्डात दाखल झाल्यावरही ते चालू ठेवण्याची पद्धत पडली. नंतर तेही तपासलं गेलं. २०१४ मध्ये अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा दाखल झालेल्या मुलांना या जोडीने लवकर घरी जाता आलं, असं दिसलं नाही. औषध तेच, आजार तोच. पहिल्या काही तासांत उपयोगी, पुढे नाही. खाटेजवळ बसलेल्या आईला ‘आता हे बंद करू’ सांगणं सोपं नसतं, आणि मला वाटतं, ‘आणखी काही द्या’ या आग्रहानेच पुष्कळ औषधं चालू राहतात.

मॅग्नेशियमचंही असंच. २०२० मध्ये कॅनडातल्या ८१६ मुलांच्या अभ्यासात, नेब्युलायझरमधून मॅग्नेशियमची जोड देऊनही दाखल होणाऱ्यांची संख्या लक्षणीय घटली नाही. गंभीर झटक्यात शिरेतून मॅग्नेशियम देतात, ती गोष्ट वेगळी.