भिंतीवरची जुनी सेन्सरची डबी कोणत्या प्रकारची? चालू आहे का? अशी करा खात्री

पतसंस्था, सराफी दुकान, कृषी सेवा केंद्र, गोदाम... कोपऱ्यात छताजवळ एक पांढरी डबी लावलेली असते. जागा जुनी असेल तर ती कुणी आणि कधी लावली, हेही सांगता येत नाही. तिचा लाल दिवा लुकलुकला की आपण निर्धास्त होतो. पण दिवा लागला म्हणजे डबीला हालचाल कळली, एवढंच. सायरन वाजेलच असं नाही. म्हणून आधी डबी ओळखा, मग तिच्यावर भरवसा ठेवा.

बाहेरून असे ओळखा

पीआयआर : सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. समोर दुधी रंगाचं, किंचित फुगीर प्लास्टिक असतं. जवळून पाहिलं की त्यावर बारीक चौकोन किंवा रेघा दिसतात. हा सेन्सर स्वतः काहीच सोडत नाही, माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता टिपतो. समोरून आडवा चालणारा माणूस त्याला लवकर कळतो, सरळ डबीकडे येणारा उशिरा. काचेपलीकडचं त्याला कळत नाही. रंगकाम करताना त्या प्लास्टिकवर रंग बसला, तर डबी आंधळीच झाली म्हणा.

अल्ट्रासॉनिक : दुधी प्लास्टिक नाही, त्याऐवजी जाळी लावलेली दोन गोल भोकं. एकातून माणसाला ऐकू न येणारा आवाज बाहेर पडतो, दुसऱ्यातून परत येतो. पंखा किंवा हलणारा पडदा यामुळेही सायरन वाजू शकतो. आता हा प्रकार क्वचितच दिसतो.

मायक्रोवेव्ह : समोरून सपाट, बंद डबी. भिंगही नाही, जाळीही नाही. याच्या लहरी काच, प्लायवूड आणि पातळ भिंतीतून पलीकडे जातात. त्यामुळे बाहेरून गाडी गेली तरी सायरन वाजू शकतो.

ड्युअल : दिसायला पीआयआरसारखाच, पण बहुधा आकाराने मोठा. आत पीआयआर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही असतात. दोघांनाही हालचाल कळली तरच सायरन वाजतो. अनेकांत वेगवेगळ्या रंगांचे दिवे असतात.

बीम : एकमेकांसमोर लावलेल्या दोन डब्या, बहुतेक वेळा काळपट किंवा गडद लाल झाकणाच्या. मधली अदृश्य किरणांची रेघ तुटली की सायरन.

तारांवरून काय कळतं?

तारेवर चालणाऱ्या बहुतेक जुन्या डब्यांना १२ व्होल्ट डीसी लागतं. आत प्लस आणि मायनस, एनसी आणि सी, शिवाय टॅम्पर अशी जोडणीची ठिकाणं असतात. एनसी-सीचा मार्ग एरवी जोडलेला असतो. हालचाल झाली की तो तुटतो आणि पॅनलला खबर जाते. पाल किंवा कोळ्यामुळे सायरन सारखा वाजतो म्हणून कुणी पॅनलजवळ या दोन तारा एकत्र जोडून टाकल्या असतील, तर साध्या जुन्या पॅनलला हालचाल कळतच नाही. दिवा लुकलुकत राहतो, सायरन मात्र गप्प!

उन्हाळ्यात जास्त सावध

पीआयआरला माणूस आणि आजूबाजूच्या वस्तू यांच्या तापमानातला फरक कळतो. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात पारा ३६-३७ अंशांवर गेला की हा फरक फार थोडा उरतो आणि सेन्सर मंदावतो. अशा जागी ड्युअलवरही विसंबू नका, कारण त्यातही पीआयआरची हमी लागतेच. दाराला चुंबकाचा सेन्सर जोडीला लावा.

महिन्यातून एकदा तपासा

अलार्म चालू करा, शेजाऱ्यांना कल्पना द्या आणि खोलीत आडवे चाला. सायरन वाजला पाहिजे. मग मेन स्विच बंद करून, म्हणजे फक्त बॅटरीवर, पुन्हा तसंच करा. बॅटरीवर चालणारी बिनतारी डबी असेल तर दोन चाचण्यांमध्ये काही मिनिटं थांबा, कारण बॅटरी वाचवण्यासाठी ती मध्ये झोपते.

झाकण स्वतः उघडू नका. टॅम्परमुळे सायरन वाजू शकतो आणि पॅनलमध्ये २३० व्होल्टचा करंट असतो. ते काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्या. त्याला एवढंच विचारा : एनसीच्या तारा खरंच पॅनलपर्यंत पोचल्यात का?