रमाबाईंना विसावा केव्हा लाभला?

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्या वार्तेने पुण्यात केवढी खळबळ माजली, हे सुशिक्षित महाराष्ट्रीयांस सांगावयास नको. परंतु खुद्द रमाबाईंच्या लेखी त्यांच्या शोधाचा शेवट त्या दिवशी झालाच नव्हता. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्या स्पष्टपणे सांगतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडण्यास आणखी सुमारे आठ वर्षे लागली. धर्मांतराचे समर्थक आणि निंदक यांनी पहिल्या तारखेवरच इतका कागद खर्चिला की, दुसऱ्या घटनेकडे पाहण्यास कोणास सवड उरली नाही.

विसावा हा शब्द या बाईंच्या बाबतीत केवळ अलंकार नव्हे. त्यांचा जन्म १८५८ साली गंगामूळच्या अरण्यातील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविण्याचे धाडस केलेले, आणि आतिथ्यात व दानधर्मात होते नव्हते ते वेचलेले. रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले; तान्ह्या मुलीस वेताच्या पाटीत घालून नेले. त्यानंतर देवळांच्या ओवऱ्या, नद्यांचे घाट, पुराणकथन, मिळालेल्या दक्षिणेचे पुनः दान, उपवास आणि अनुष्ठाने हेच त्यांचे घर आणि हीच त्यांची शाळा. पुढे दुष्काळ आला. १८७४ साली वडील गेले, त्यामागून आई, मग थोरली बहीण. उरलेली भावंडे अन्नावाचून पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या विशीतल्या मुलीस ‘सरस्वती’ ही पदवी दिली. आणि नियतीचा खेळ असा की, शास्त्रांच्या ज्ञानाबद्दल हा गौरव होत असतानाच त्या शास्त्रांवरील तिची श्रद्धा ढळू लागली होती. स्त्रीला स्त्री म्हणून मोक्षाचा अधिकार नाही, असा त्या वचनांचा अर्थ तिच्या पदरी पडला होता.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत हाती लागली. १८८२ साली पतीही गेले. लहानग्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या, आणि पुढील वर्षी इंग्लंडास गेल्या.

तेथे त्यांचे मन वळले ते एका दृश्याने. वाटेजच्या भगिनीसंघाने लंडनजवळ फुलहॅम येथे पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालविला होता. ज्यांस समाज उंबरठ्याशी उभे करीत नाही त्यांची अशी शुश्रूषा या बायका का करतात, असे विचारता त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. बाप्तिस्मा झाला; पण त्यामागोमाग शांती आली नाही, वाद आले. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, चर्चचा अधिकार, या प्रत्येकावर भगिनी जेराल्डिन आणि मिस बील यांच्याशी त्यांची पत्रापत्री चाले. शिष्येने नम्रपणे ऐकावे अशी गुरूंची अपेक्षा. आणि एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडविली ती दुसऱ्याच्या जोखडात घालण्याकरिता नव्हे, असा शिष्येचा बाणा. त्यांच्या शाकाहारातदेखील जेराल्डिनबाईंना अहंकार दिसे! ही पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केली आहेत. ती वाचताना तर्काची धार दिसते, मनाचे स्वास्थ्य दिसत नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन निघाले, पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. कार्य चालू झाले, कीर्ती झाली, तरी आतली तळमळ राहिलीच. अशा स्थितीत विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हे गृहस्थ दीक्षित पाद्री असूनही १८५१ साली कॉर्नवॉलमधील आपल्याच व्यासपीठावर उपदेश करता करता त्यांचे हृदयपरिवर्तन झाले होते. रमाबाईंना त्यात आपलेच चित्र दिसले. पूर्वी त्या व्रते आणि दाने यांवर विसंबल्या होत्या. आता बाप्तिस्मा आणि अभ्यास यांवर. पुण्याईची वही बदलली होती, हिशेब तोच होता. ईश्वर आपल्यास पात्रतेवाचून, जात, लिंग वा कर्म न पाहता, या क्षणी आहे तशी स्वीकारतो, हे उमजले तेव्हा तो हिशेबच त्यांनी मिटविला. १८९१ च्या सुमाराची ही गोष्ट.

या विसाव्याने त्यांचे बाह्य जीवन मात्र मुळीच निवांत झाले नाही. त्या आपल्या खोलीत उघडपणे प्रार्थना करीत, दार लावीत नसत, आणि मुली येऊन बसत. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध सोडला. त्यांचा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, या विश्वासावरच पालकांनी मुली पाठविल्या होत्या. पण ज्या बाईस इतक्या पायपिटीनंतर घर सापडले तिने त्या घराचे दार लावून घ्यावे, हेही अशक्यच होते.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या. तेथील मुलींच्या चेहऱ्यांत त्यांना वीस वर्षांपूर्वीची आपलीच उपासमार ओळखू आली. शेकडो मुली केडगावी आणल्या, मुक्तिसदन उभे राहिले; १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांवर गेली. त्या गर्दीत बसून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि अल्पशिक्षित बायकांसही कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर करू लागल्या. त्याची छपाई आश्रमातल्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून होत असे. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. आईने मुद्रिते तपासण्याचे काम थांबविले नाही. ते पुरे झाले आणि थोड्याच दिवसांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे झोपेतच त्यांचे देहावसान झाले.