तेरा–दहा : एका विजयाची चिकित्सा

३० नोव्हेंबर २०२४ रोजी कोलंबस शहरात मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने यजमान ओहायो स्टेट विद्यापीठाला १३–१० असे हरवले. तिकडे सामना दुपारी बाराला सुरू झाला. भिलाईच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि निकाल लागेपर्यंत दोन वाजत आले. माझी भाची ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठाच्या गावी, शिकायला गेली तेव्हापासून आमचे घर मिशिगनचे आहे. म्हणजे या लेखाचा कर्ता तटस्थ नाही, हे वाचकाने आधीच ध्यानात घ्यावे. पण पक्षपाती माणसानेच आपल्या संघाचा विजय जास्त काटेकोरपणे तपासायला हवा, कारण फुकाचे कौतुक तोच सर्वांत आधी करतो.

हा खेळ आपल्या सेक्टरांच्या मैदानांवर खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट असतो आणि मुख्यतः हातात धरून पळवायचा किंवा फेकायचा असतो. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. तेवढे जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याकडे जातो. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाउनचे सहा गुण आणि पाठोपाठच्या लाथेचा एक. लांबून लाथ मारून चेंडू खांबांमधून काढला की फील्ड गोलचे तीन. पुढचे विवेचन समजायला इतके पुरे.

सामन्याआधी पारडे कुणाचे जड होते याबद्दल वादच नव्हता. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर होता आणि हंगामात एकदाच हरला होता. मिशिगनच्या खात्यात सहा विजय आणि पाच पराभव होते. आदल्या वर्षीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक जिम हारबॉ निघून गेले होते, क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, जे. जे. मॅकार्थीही गेला होता. नवे प्रशिक्षक शेरोन मूर यांना हंगामभर एक भरवशाचा क्वार्टरबॅक सापडला नाही. त्यातच सर्वांत चांगला झेल घेणारा कोलस्टन लव्हलँड आणि बचावातला विल जॉन्सन या सामन्यात दुखापतीमुळे नव्हते. सामन्याआधीच्या अंदाजांत सुमारे वीस गुणांचा फरक धरला जात होता.

आता पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडू. विरोधकांचे म्हणणे असे, की हा विजय मिशिगनने मिळवला नाही, तो पदरात पडला. ओहायो स्टेटच्या जेडन फील्डिंगचे ३४ आणि ३८ यार्डांवरून दोन फील्ड गोल चुकले. या अंतरावरून या पातळीचा खेळाडू बहुतेक वेळा चुकत नाही. ते सहा गुण मिळाले असते तर निकाल फिरला असता. शिवाय मिशिगनचा एकमेव टचडाउन कसा आला? आमिर हॉलने ओहायो स्टेटच्या विल हॉवर्डचा पास मधल्यामध्ये पकडला आणि चेंडू थेट गोलरेषेपासून दोन यार्डांवर आणून ठेवला. पुढचे काम कुणालाही जमले असते. एकूण यार्डांत २५२ विरुद्ध २३४ असा ओहायो स्टेटच पुढे होता. मिशिगनच्या डेव्हिस वॉरनने अख्ख्या सामन्यात पासवर फक्त ६२ यार्ड मिळवले.

हे आकडे खरे आहेत आणि त्यांतला एकही झटकून टाकता येत नाही. पण योगायोगाचा हिशेब मांडायचा तर तो दोन्ही बाजूंचा मांडावा. वॉरननेही दोन पास विरोधकांच्या हाती दिले. त्यांतला एक तर उत्तरार्धात, १०–१० अशी बरोबरी असताना, अगदी गोलरेषेजवळ ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने पकडला. तिथे किमान तीन गुण मिशिगनच्या हातातोंडाशी आलेले होते. एका बाजूने सहा गुण गेले, दुसऱ्या बाजूने तीन किंवा सात. नशिबाने एकाच संघाला झुकते माप दिले असे यातून ठरत नाही.

माझ्या मते या सामन्याची किल्ली वेगळ्याच आकड्यात आहे. ओहायो स्टेटने चेंडू घेऊन धावताना एकूण ७७ यार्ड मिळवले. मिशिगनने १७२ मिळवले.

इथे जरा थांबून पाहायला हवे. प्रत्येक प्रयत्न सुरू होताना दोन्ही संघांचे अवजड खेळाडू समोरासमोर ओणवे बसतात. या रांगेला लाइन म्हणतात. चेंडू मागे सरकताच ते एकमेकांवर आदळतात. रस्सीखेच उलटी खेळावी, ओढण्याऐवजी ढकलावी, तसा तो प्रकार असतो. कोण किती पावले मागे रेटला गेला यावर मागून धावत येणाऱ्याला फट मिळते की भिंत, हे ठरते. मिशिगनच्या बचावात या रांगेच्या मध्यभागी मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट होते. पुढे एप्रिल २०२५ मध्ये व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले तेव्हा ग्रॅहम पाचवा आणि ग्रँट तेरावा निवडला गेला, यावरून त्यांचा वकूब कळावा. उलट ओहायो स्टेटच्या रांगेतले जॉश सिमन्स आणि सेथ मॅक्लॉफ्लिन हे दोन आधारस्तंभ दुखापतीने आधीच बाहेर गेले होते, आणि मॅक्लॉफ्लिनची जागा तर बरोबर मध्यभागीच होती.

म्हणजे मैदानावर मिशिगन निर्विवाद सरस असेल अशी जागा एकच होती, मधली काही फूट रुंदीची पट्टी. बाकी सगळीकडे ओहायो स्टेट वरचढ. जेरेमाया स्मिथ, एमेका एगबुका, कार्नेल टेट असे पास झेलणारे तीन-तीन अव्वल रिसीव्हर त्यांच्याकडे होते. तरीही प्रशिक्षक रायन डे यांचा संघ वारंवार क्विनशॉन जडकिन्स आणि ट्रेव्हियन हेंडरसन या चेंडू घेऊन धावणाऱ्यांना त्याच पट्टीत पाठवत राहिला. प्रत्येक वेळी दोन-तीन यार्ड, मग लांबचा तिसरा प्रयत्न, मग घाईचा पास. भिलाईच्या वाचकाला यातली चूक चटकन कळेल. बास्केटबॉल प्रशिक्षक राजेश पटेल यांच्या तालमीत इथे पूनम चतुर्वेदीसारखी जवळजवळ सात फूट उंचीची बास्केटबॉलपटू तयार झाली. अशी खेळाडू बास्केटखाली उभी असताना चेंडू तिच्याकडे न देण्याचे कारण काय असू शकते? स्मिथला त्या दिवशी पाच झेलांत ३५ यार्ड मिळाले.

आता आक्षेप असा येईल, की ही तर विरोधी प्रशिक्षकाची चूक. यात मिशिगनचे कर्तृत्व कोणते? मला हा आक्षेप अपुरा वाटतो. मागची तीन वर्षे मिशिगनने हाच सामना ४२–२७, ४५–२३ आणि ३०–२४ असा जिंकला होता, आणि त्यात मिशिगनची लाइन अधिक दणकट, हेच सूत्र सर्वांच्या तोंडी होते. ओहायो स्टेटला त्या दिवशी नुसते जिंकायचे नव्हते, आम्हीही दणकट आहोत हे दाखवून द्यायचे होते, असा माझा त्या डावपेचाचा अर्थ आहे. १८९७ पासून चालत आलेल्या या झुंजीत असला हट्ट शिरणे नवे नाही. १९६९ ते १९७८ या काळात वुडी हेज आणि बो शेंबेकलर हे दोन प्रशिक्षक दहा वर्षे अशाच रेटारेटीच्या खेळाने एकमेकांना भिडले होते. प्रतिस्पर्ध्याच्या मनात तीन वर्षे घर करून त्याला आपल्या सोयीच्या जागी लढायला लावणे हे कर्तृत्वच आहे. ते एका दुपारचे नसते, म्हणून त्या दिवशीच्या तक्त्यात दिसत नाही.

आणि शेवटचे आक्रमण तर निखळ मिशिगनचेच. बरोबरी होती, घड्याळ संपत आले होते आणि तिसऱ्या प्रयत्नात सहा यार्ड हवे होते. सगळ्या स्टेडियमला ठाऊक होते की चेंडू घेऊन धावणाऱ्या कलेल मलिंग्जकडेच तो जाणार, कारण मिशिगनकडे दुसरे काही नव्हते. तो मध्ये घुसला, तिथे अडला, एका पकडीतून सुटला आणि बाहेरच्या बाजूने २७ यार्ड पळाला. त्या दिवशी त्याने ३२ वेळा चेंडू नेऊन ११६ यार्ड मिळवले. सरासरी चारच्याही आत भरते. पण त्याआधीच्या धडकांनी बचाव थकवला होता, त्याशिवाय ही धाव निघाली नसती. ४५ सेकंद उरले असताना डॉमिनिक झ्वाडाने २१ यार्डांवरून लाथ मारली. त्यानेच पूर्वार्धात ५४ यार्डांवरून फील्ड गोल केला होता. एक लाख सहा हजार पाच प्रेक्षकांच्या त्या स्टेडियममध्ये पिवळ्या-निळ्या कपड्यांचा एकच कोपरा नाचत होता.

त्यानंतर मैदानाच्या मध्यभागी झेंडा रोवण्यावरून हाणामारी झाली, पोलिसांना तिखट फवारा मारावा लागला आणि दोन्ही संघ ज्यात खेळतात त्या बिग टेन परिषदेने दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड केला. जिंकणाऱ्याने यजमानाच्या मैदानात झेंडा रोवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खेळाच्या मूल्यमापनात त्याला याहून जास्त जागा नको.

खरी कसोटी पुढच्या सात आठवड्यांत झाली. ओहायो स्टेटने टेनेसीला ४२–१७, ओरेगनला ४१–२१, टेक्सासला २८–१४ आणि २० जानेवारी २०२५ रोजी नॉत्र दामला ३४–२३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतले. त्यांतल्या बहुतेक सामन्यांत स्मिथकडे चेंडू मोकळ्या हाताने गेला. काहींनी यावरून मिशिगनचा विजय किरकोळ ठरवला. मी उलटा निष्कर्ष काढतो. पुढे देशात कुणालाही न आवरलेला हाच संघ त्या दुपारी दहा गुणांवर थांबला होता, आणि त्या दहांपैकी सात गुण एका टचडाउनचे होते. नवे वर्ष लागायच्या आत मिशिगननेही अलाबामाला १९–१३ असे हरवले, तेही लव्हलँड, ग्रॅहम, ग्रँट या नामवंतांविना. त्या संघाच्या बचावात काही तरी पक्के होते.

पासचे ६२ यार्ड मात्र पक्के नव्हते. २९ नोव्हेंबर २०२५ रोजी ॲन आर्बरमध्ये ओहायो स्टेट २७–९ असा जिंकला. या वेळी मधल्या पट्टीत ग्रॅहम आणि ग्रँट नव्हते, आणि मिशिगनची पासची कमाई पुन्हा शंभर यार्डांच्या आतच राहिली. १३–१० च्या विजयात ही उणीव झाकली गेली होती. घरच्या मैदानावर, बर्फात, ती उघडी पडली.