वावर, बियाणं आणि कोंबडीचं अंडं



पावसाळ्याच्या सुरुवातीला दिग्रस तालुक्यातल्या आमच्या एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या, मग कर्जाची मागणी विचारली. एका सासूबाईंनी सुनेच्या दवाखान्यासाठी पंधरा हजार मागितले. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. कोणीतरी विचारलं, "पोराची तपासणी केली का?" सासूबाई म्हणाल्या, "त्याले काय तपासाचं? वावरच पडीक असन तं बियाणं काय करन!" बाया हसल्या. सून मान खाली घालून चटईची काडी मोडत बसली होती. आम्ही पण काही बोललो नाही.

बोलायला हवं होतं. पण बोलायचं तर माहिती पाहिजे, आणि आमचं विज्ञान दहावीला सुटलं ते सुटलं. पुढं बी.ए. झालो. मग आम्ही पुस्तकं मिळवून वाचली, विचारून घेतलं. बाई म्हणजे वावर आणि पुरुष म्हणजे बियाणं, ही समजूत कुठून आली आणि कोणाकोणाच्या कामानं खोटी ठरली, ते आज सांगतो. ही गोष्ट बरीचशी कोंबडीच्या अंड्याची आहे, म्हणून आपल्याला समजायला सोपी आहे.

ही समजूत फार जुनी. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटलं आहे. तिकडं ग्रीस देशात सव्वादोन हजार वर्षांपेक्षा आधी ॲरिस्टॉटल नावाचा मोठा विद्वान होऊन गेला, त्याचंही तेच. आई फक्त माती-मसाला पुरवते, मुलाला आकार देतो तो बाप. आपल्या सुश्रुतसंहितेत मात्र थोडं वेगळं आहे. ऋतू, क्षेत्र, पाणी आणि बीज असे चार मेळ जमले की गर्भ राहतो, असं त्यात सांगितलं आहे, आणि गर्भाचा काही भाग आईकडून येतो, काही बापाकडून, असंही. गर्भात आधी काय तयार होतं यावर तर त्यात चांगला वाद रंगला आहे. कोणी म्हणतं डोकं, कोणी हृदय, कोणी बेंबी, कोणी हातपाय. शेवटी धन्वंतरी सांगतात की सगळं एकदमच होतं, बारीक असल्यामुळं दिसत नाही.

हा वाद मिटवायला डोळ्यांनी बघायला हवं होतं. पण आईच्या पोटात कोण बघणार? म्हणून माणसानं अंडं फोडलं. ग्रीक वैद्यांच्या एका जुन्या ग्रंथात युक्ती दिली आहे. वीस किंवा जास्त अंडी कोंबड्यांखाली ठेवा, दुसऱ्या दिवसापासून रोज एक फोडून बघा. ॲरिस्टॉटलनंही अंडी फोडून बघितली. तिसऱ्या दिवशी त्याला एक लाल ठिपका उड्या मारताना दिसला. ते पिल्लाचं हृदय.

आता आपली खुडूक कोंबडी आठवा. टोपल्यात कुटार टाकून आपण तिला बारा-पंधरा अंड्यांवर बसवतो. ती अंडी तिनं एका दिवशी घातलेली नसतात, दोन-तीन आठवड्यांत जमलेली असतात. तरी एकविसाव्या दिवशी पिल्लं जवळजवळ बरोबरच निघतात. असं का? फळलेल्या अंड्यात सुरुवातीला एकच पेशी असते. पेशी म्हणजे जिवाची सगळ्यात लहान खोली. अंडं बाहेर यायच्या आधीच, कोंबडीच्या पोटातल्या उबेत, एकीच्या दोन, दोनाच्या चार असं होत हजारो पेशी झालेल्या असतात. बाहेर आल्यावर अंडं थंड होतं आणि काम थांबतं. कोंबडी बसली, ऊब मिळाली की सगळ्या अंड्यांत ते एकाच वेळी पुन्हा सुरू होतं. पिल्लू होतं ते बलकावरच्या छोट्या पांढऱ्या ठिपक्यापासून. पिवळं बलक ही त्याची शिदोरी.

युरोपात सोळाशे साली-सतराशे साली सूक्ष्मदर्शक आला, म्हणजे बारीक वस्तू मोठी करून दाखवणारं भिंग, तेव्हा सगळं स्पष्ट होईल असं वाटलं होतं. झालं उलटं. १६७७ साली हॉलंडच्या लेव्हेनहुकनं पुरुषाच्या वीर्यात वळवळणारे शुक्राणू पाहिले. मग १६९४ मध्ये हार्टसूकर नावाच्या माणसानं चित्रच काढलं: शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं एक पूर्ण माणूस! म्हणजे मूल आयतंच बापाकडून येतं, आई फक्त वाढवते. दुसरा गट म्हणे की आयतं मूल असतं, पण आईच्या अंड्यात. भांडण शंभर वर्षं चाललं.

आपल्याला हसू येतं, पण त्यांना अगदी वेड्यात काढू नका. आपली कपाशीची सरकी रात्रभर भिजवून अलगद फोडून बघा. आत घडी घातलेली दोन पानं तयार दिसतात. झाड जर बियाण्यात आयतं असेल, तर माणूस का नसावा? विचार चुकला, पण कशावरून चुकला ते कळतं. (सरकीतली ती पानंही टोबायच्या आधी, बोंडातच, एका पेशीपासून हळूहळू घडलेली असतात. ते त्यांच्या लक्षात आलं नाही.)

१७५९ साली वोल्फ नावाच्या तरुण जर्मन डॉक्टरानं पुन्हा कोंबडीचं अंडंच घेतलं आणि दाखवलं की पिल्लाच्या रक्तवाहिन्या आधी नसतातच, नंतर तयार होतात. आयतं काही नसतं. सगळं पायरीपायरीनं घडतं. आणि १८२७ मध्ये फॉन बेअर या शास्त्रज्ञाला कुत्रीच्या अंडाशयात एक पिवळसर ठिपका दिसला. ते स्त्रीबीज होतं. अंडं न घालणाऱ्या, पिल्लाला दूध पाजणाऱ्या प्राण्यांतही मादीचं स्वतःचं बीज असतं, हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. पुढं १८७६ मध्ये हर्टविगनं समुद्रातल्या एका काटेरी प्राण्यात नराचं आणि मादीचं बीज एकमेकांत मिसळताना पाहिलं. दोघांचं मिळून एक. म्हणजे बाई नुसतं वावर नाही. वावर तिचं आहेच, अर्धं बियाणंही तिचंच आहे.

हे सिद्ध होऊन दीडशे वर्षं होत आली. आपल्या बैठकीत ते अजून पोचायचं होतं.

इथून पुढं गोष्टीत बाया येतात. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकेतल्या बाई. त्यांनी पिठात-धान्यात होणाऱ्या अळीच्या भुंग्यांचा अभ्यास केला आणि १९०५ मध्ये दाखवलं की नर की मादी हे नराच्या बीजातल्या एका गुणसूत्रावर ठरतं. मादीचं बीज एकाच प्रकारचं, नराचं दोन प्रकारचं. माणसातही तसंच आहे. मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्या घरात हा पिठातला किडा एकदा नेऊन दाखवावा, असं आम्हाला फार वाटतं. शास्त्र कळलं तरी लोक गर्भलिंग तपासून मुली पाडायला लागले, तेव्हा १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी आपल्या महाराष्ट्रानं त्याविरुद्ध कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा.

दुसऱ्या हिल्डे मांगोल्ड. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या. प्रश्न असा होता की पेशी सगळ्या सारख्याच, मग एकीनं डोळा व्हायचं आणि दुसरीनं कातडी, हे त्यांना सांगतं कोण? हिल्डेबाईंनी पाण्यातल्या पालीसारख्या प्राण्याच्या, न्यूटच्या, गर्भाचा एक बारीक तुकडा काढून दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवला. त्या वेळी प्रतिजैविकं नव्हती. शेकड्यांनी गर्भ मेले, बोटावर मोजण्याइतके जगले. पण जे जगले त्यांच्या पोटाशी दुसरा गर्भ तयार झाला, त्याला स्वतःचा पाठीचा कणा होता. आणि तो एकट्या लावलेल्या तुकड्याचा नव्हता. तुकड्यानं शेजारच्या पेशींना कामाला लावलं होतं. पेशी शेजारणींचं ऐकून घडतात, हे असं कळलं.

निबंध १९२४ मध्ये छापला. त्यावर पहिलं नाव त्यांचे सर हान्स श्पेमान यांचं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हिल्डेबाई स्वयंपाकघरातल्या हीटरचा भडका उडून भाजल्या आणि गेल्या. वय पंचवीस, घरी लहान मुलगा. १९३५ चं नोबेल श्पेमान यांना मिळालं. स्टोव्हच्या भडक्यात गेलेल्या बाया आपण आपल्या गावातही पाहिल्या आहेत, त्यामुळं हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ तसेच बसलो.

हेच कोंबडीतही होतं का, हे इंग्लंडच्या वॅडिंग्टन यांनी १९३० नंतर तपासलं. केंब्रिजच्या ज्या प्रयोगशाळेत अंड्याबाहेर, काचेच्या भांड्यात गर्भ वाढवायचं त्यांना जमलं, तिच्या प्रमुख होत्या ऑनर फेल, म्हणजे पुन्हा एक बाईच. पुढं वॅडिंग्टन एडिंबरोला गेले. तिथं १९५० नंतरच्या वर्षांत त्यांच्याकडं काम करायला गेल्या आपल्या पुण्याच्या डॉ. लीला मुल्हेरकर. ऊब मिळाल्यावर पहिल्याच दिवशी अंड्यातल्या त्या पांढऱ्या ठिपक्यावर मधोमध एक रेघ उमटते. त्या रेघेच्या आजूबाजूच्या भागात शेजारच्या पेशींना घडवायची किती ताकद असते, यावर त्यांचा निबंध १९५८ मध्ये छापला गेला. मग पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी हे शास्त्र शिकवलं, विद्यार्थी घडवले.

काम कसं चालतं तेही सांगतो, आम्हाला फार आवडलं. बलकाभोवती जो पातळ पापुद्रा असतो तो गर्भासकट सोडवून घ्यायचा. भरतकामाच्या रिंगवर कापड ताणतो तसा काचेच्या कड्यावर ताणायचा, खोलगट काचेच्या बशीत ठेवायचा, खालून अंड्याचाच पांढरा बलक द्यायचा आणि बशी उबेच्या पेटीत. मग भिंगाखाली सगळं उघडं दिसतं. सपाट पापुद्र्याच्या दोन कडा वर येतात आणि करंजीसारख्या मिटतात. त्या नळीचा पुढं मेंदू आणि मज्जारज्जू होतो. दुसऱ्या दिवशी हृदय हलायला लागतं. एखादं औषध किंवा रसायन गर्भाला बाधतं का, तेही असं बघता येतं.

ती करंजीसारखी मिटणारी नळी आपल्याही बाळाची असते, आणि गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत ती मिटते. म्हणजे पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात येतं तेवढ्यात. ती नीट मिटली नाही तर बाळाच्या पाठीत किंवा डोक्यात व्यंग राहतं. फॉलिक ॲसिडच्या गोळीनं हा धोका पुष्कळ कमी होतो, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या मोठ्या पाहणीत ठरलं. म्हणून ती गोळी दिवस राहायच्या आधीपासून हवी असते. लग्न झालेल्या पोरींनी आशाताईला किंवा डॉक्टरला ते आधीच विचारावं. पाचव्या महिन्यात सुरू करून त्या नळीला काही उपयोग नाही.

आणि मूल होत नसलेल्यांचं काय? ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी काचपात्रात गर्भ धरलेली मुलगी जन्मली. त्याच्या आठ वर्षं आधी, १९७८ मध्ये, कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनीही हे केलं होतं. त्यांचं कोणी मानलं नाही, छळच झाला, आणि १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. पुढं त्यांची कागदपत्रं वाचून "पहिले ते, आम्ही नाही" असं आनंदकुमार यांनी स्वतः सांगितलं. असं म्हणणारी माणसं थोडी असतात.

मागच्या महिन्यात आम्ही त्याच गटात भिजवलेली सरकी आणि दोन अंडी घेऊन गेलो. सहा दिवस कोंबडीखाली ठेवलेलं अंडं अंधारात बॅटरीवर धरलं तर लाल शिरांचं जाळं दिसलं. शेजारचं नुसतंच पिवळं. आम्ही विचारलं, "आता हे दुसरं फळलं नाही, ते कोंबडीमुळं की कोंबड्यामुळं?" सासूबाईंनी अंडं दोनदा फिरवून पाहिलं. म्हणाल्या, "वरून कसं सांगता येईन?" थोड्या वेळानं म्हणाल्या, "म्हंजे माह्या पोराले बी न्या लागते."

रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं. कर्ज पंधरा हजार, तपासणी नवरा-बायको दोघांची, आधी नवऱ्याची, कारण ती सोपी आणि स्वस्त आहे. मुलगा अजून "सोयाबीन निघू द्या, मग जाऊ" म्हणतो आहे. सोयाबीन निघालं की आमच्यापैकी दोघी त्याच्यासोबत जाणार आहोत.