रुळांच्या कडेची मुले

लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेचे 'बाय द शोअर्स ऑफ सिल्व्हर लेक' हे मुलांसाठी लिहिलेले पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील काळ मात्र १८७९ चा आहे. डकोटा प्रदेशातील गवताळ माळरानावरून शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीचा लोहमार्ग पुढे सरकत होता. लॉराचे वडील मजुरांच्या छावणीतील दुकान आणि हजेरी सांभाळण्याच्या कामावर गेले. मागोमाग सगळे कुटुंब तेथे पोहोचले. लॉरा तेव्हा बारा वर्षांची होती. नांगर जमीन उकरतो, घोड्यांनी ओढलेली मोठी खोरी ती माती भरावावर नेऊन टाकतात, पगाराच्या दिवशी छावणीत दंगा उसळतो, हे सारे तिने लहानपणी पाहिले आणि साठ वर्षांनी आठवणीला कल्पनेची जोड देऊन लिहिले.

इतिहासाच्या तासाला अशा पुस्तकाचा मोठा उपयोग होतो. 'अमुक साली लोहमार्ग सुरू झाला' या एका ओळीमागे किती माणसे आणि किती माती होती, हे मुलांना त्यातून कळते. मात्र ही गोष्ट सांगते कोण, हेही विचारायला हवे. लॉरा ही हजेरी लिहिणाऱ्याची मुलगी. माती उपसणाऱ्या मजुरांच्या जवळही जायचे नाही, अशी तिला ताकीद होती. शिवाय हे माळरान रिकामे नव्हते. तो डकोटा लोकांचा मुलूख होता आणि त्यांना तेथून हटवूनच वसाहती उभ्या राहिल्या. याच मालिकेतील 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' या पुस्तकात, त्या प्रदेशात माणसेच नव्हती, फक्त इंडियन राहत होते, अशा अर्थाचे वाक्य होते. १९५३ च्या आवृत्तीत 'माणसे' या शब्दाच्या जागी 'वसाहतकरी' हा शब्द आला. लेखिकेच्या नावाने दिल्या जाणाऱ्या बालसाहित्य पुरस्काराचे नावही अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१८ मध्ये बदलले.

आता हाच प्रश्न घेऊन आपण वाशीम जिल्ह्याकडे वळू या. १८५३ साली दोन घटना घडल्या. एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली आणि त्याच वर्षी निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला. या दोन घटनांना जोडणारा धागा म्हणजे कापूस. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे मोल वाढले. १८६७ मध्ये जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. लॉराचा जन्मही त्याच वर्षीचा.

मुख्य मार्ग मूर्तिजापूरवरून गेला. कारंजासारख्या जुन्या बाजारपेठेतील कापूस त्या मार्गापर्यंत आणण्यासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा अरुंद मार्ग उभा राहिला. रुळांतील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. मुख्य मार्गावर हेच अंतर १६७६ मिलिमीटर आहे. साहजिकच मूर्तिजापूरला कापसाच्या गाठी एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवाव्या लागत. व्यवस्था किलिक-निक्सन या खासगी कंपनीकडे होती. पुढे 'शकुंतला' म्हणून ओळखली गेलेली गाडी ती हीच. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. आता तीही बंद आहे.

असे मार्ग बांधले कोणी? हिंदुस्थानातील लोहमार्गांचे मातीकाम प्रामुख्याने कुटुंबे करीत. पुरुष खणत आणि बायका-मुले टोपल्या वाहत. मजुरी बहुधा मुकादमामार्फत मिळे. वडार समाजातील माती वडार, गाडी वडार, पाथरवट ही नावेच कामाची विभागणी सांगतात. बांधकाम जेथे चाले तेथे त्यांची पाले पडत आणि भराव पुढे सरकला की पालेही पुढे सरकत. त्यांच्या घरची बोली तेलुगूच्या जवळची. म्हणजे लॉरासारखीच ही मुलेही रुळांच्या कडेने, परक्या भाषेच्या मुलखात वाढत होती. फरक एवढाच की लॉरा पाहत होती आणि ही मुले वाहत होती. १९०१ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानात शंभरांमागे जेमतेम पाच माणसे साक्षर होती. टोपली वाहणाऱ्या मुलाच्या हाती लेखणी येणार कोठून?

लेखणी नसली तरी पुरावा असतो आणि तो मोजताही येतो. समजा, भरावाचा माथा ३ मीटर, पाया ६ मीटर आणि उंची १ मीटर आहे. त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ ४.५ चौरस मीटर येते. एक किलोमीटर लांबीला ४,५०० घनमीटर माती लागेल. घनमीटरला दीड टन वजन धरले तर ही माती ६,७५० टन भरते. एका टोपलीत वीस किलो माती मावते असे मानू. मग एका किलोमीटरला ३ लाख ३७ हजार ५०० टोपल्या झाल्या! जमीन कोठे सपाट असते, कोठे भराव घालण्याऐवजी खोदावे लागते, त्यामुळे सगळीकडे हाच आकडा येणार नाही. पण पाचवी-सहावीच्या मुलांनी हे गणित स्वतः केले, एक टोपली भरून उचलून पाहिली, की 'लोहमार्ग बांधला' या दोन शब्दांचे वजन त्यांना कळते.

माती उपसली तेथे खड्डे राहिले. पावसाळ्यात त्यांत पाणी साचे. भरावाने ओढ्या-नाल्यांचा उतार अडला की डबकी आणखी वाढत. हिवतापाचे परोपजीवी डासाच्या शरीरात वाढतात हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला दाखवून दिले. म्हणजे या भागात भराव पडत होता तेव्हा हे ज्ञान नवे होते. पालातल्या मुलाच्या अंगातील थंडी-ताप आणि त्याने स्वतः भरलेल्या टोपल्या यांचे नाते विज्ञानाला नुकतेच उमगले होते.

आणखी एक मूल या गोष्टीत हवे, ते तांड्यावरचे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य, कापूस लादून मुलूखभर नेणे हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय होता. पक्क्या सडका आणि आगगाडी आली आणि तो बुडाला. पाठोपाठ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच आला. वडाराच्या मुलाला लोहमार्गाने काम दिले, तर बंजारा मुलाच्या घरचे काम नेले. आमचे म्हणणे असे की, वाशीमच्या लोहमार्गाची खरी गोष्ट या दोन्ही मुलांना घेतल्याशिवाय पुरी होणार नाही.

अशी गोष्ट वर्गात लिहिता येईल. विज्ञानात आपण आधी कल्पना मांडतो आणि मग ती पुराव्याला लावून पाहतो. ऐतिहासिक गोष्टीचेही तसेच आहे. पात्र कल्पित असू द्यावे, पण त्याची टोपली, त्याची बोली, त्याचा ताप, त्याच्या गावापासून स्टेशनाचे अंतर, यांतले काहीही मनाने ठोकून देऊ नये. प्रत्येक वाक्याला 'हे कशावरून?' असा प्रश्न एकमेकांना विचारायची सवय मुलांना लावावी.

वाशीममध्ये यासाठी आणखी एक सोय आहे. खुद्द वाशीम गावातून जाणारा खांडवा-हिंगोली मार्ग स्वातंत्र्यानंतर बांधला गेला. तो आधी मीटरगेज होता. पूर्णा-अकोला भागाचे २००८ मध्ये ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. १९६० साली दहा वर्षांचे असलेले मूल आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. भराव कोणी घातला, शेत कोणाचे गेले, पहिले इंजिन पाहून कोण पळाले, हे सांगू शकणारी माणसे मार्गालगतच्या गावांत अजून भेटतील. लॉराने साठ वर्षांनी आपली आठवण लिहून काढली. आपल्याकडच्या आठवणींनाही आता तेवढीच वर्षे झाली आहेत. त्या लिहून घ्यायला वही-पेन्सिल आणि एक सुटीचा दिवस पुरे, पण हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखे नाही.