भेंडीची तार

भेंडीच्या ज्या बुळबुळीत भाजीवर ताक शिंपडतात, तिची तार म्हणजे शर्करेच्या लांबच लांब साखळ्या, पॉलिसॅकराइड. त्या वेगळ्या काढणे सोपे: भेंडी चिरून पाण्यात भिजवायची, पाणी गाळायचे आणि त्यात तिप्पट अल्कोहोल ओतायचे; पांढरट गोळा वेगळा होतो. खरे काम पुढे. प्रथिने आणि क्षार काढल्यावर साखळी आम्लाने तोडून सुट्या शर्करा क्रोमॅटोग्राफीने ओळखतात. भेंडीत मुख्यतः गॅलॅक्टोज, ऱ्हॅम्नोज आणि गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल सापडते. पण कोणती शर्करा कोणाला कुठल्या कार्बनपाशी जोडली आहे, हे मेथिलीकरण आणि एनएमआरशिवाय उमगत नाही. कण्यात ऱ्हॅम्नोज आणि गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल एकाआड एक असतात. ऱ्हॅम्नोजला गॅलॅक्टोजच्या आखूड फांद्या. आम्लावरचे ऋणभार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून साखळी पसरते आणि पाणी दाटते. ताकाच्या आंबटपणाने हे भार कमी होतात, तार मोडते. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत रानभेंडीचा असाच चिकट रस काहिलीतली मळी वर आणायला घालतात.