नेम आणि नियम

मराठी भाषेंत 'नेम' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. घरांतील आजी चातुर्मासांत एखादा नेम धरते, आणि तिचा नातू आंब्याखालीं उभा राहून कैरीवर नेम धरतो. पहिल्या ठिकाणीं नेम म्हणजे स्वतःस घालून घेतलेली मर्यादा. दुसऱ्या ठिकाणीं नेम म्हणजे लक्ष्यावर खिळलेली दृष्टि. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दांत सुखानें नांदतात, आणि तो शब्द म्हणजे संस्कृत 'नियम' याचेंच मराठी रूप होय. पिस्तुलाच्या नेमबाजीचा इतिहास पाहिला म्हणजे या दोन अर्थांची संगत केवळ शाब्दिक नाहीं, असें दिसून येतें.

या विषयाकडे आमचें लक्ष जाण्यास निमित्त घरगुतीच झालें. आम्ही राहतों तें तळवली गांव ठाणें-बेलापूर रस्त्यालगत, घणसोली आणि रबाळें यांच्या मध्यें आहे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईची आंखणी झाली, आणि या पट्ट्यांतील भातखाचरांच्या जागीं हळूहळू इमारती उभ्या राहिल्या. अशाच एका इमारतींत आमच्या शेजाऱ्यांची तेरा वर्षांची मुलगी राहते. ती हवेच्या पिस्तुलाची नेमबाजी शिकते. सरावासाठीं स्वतःचें पिस्तूल हवें, असा हट्ट तिनें धरला, तेव्हां तिच्या आजोबांनीं "हत्यार या घरांत येणार नाहीं" असें निक्षून सांगितलें. आईचें म्हणणें, "बाबा, हा खेळ आहे, खेळाला कसलें भ्यायचें?" शेवटीं दोघांनींहि आमचें मत विचारलें. आजोबांचें भय आम्हांस पोकळ वाटलें नाहीं, आणि आईचा विश्वासहि भाबडा वाटला नाहीं. म्हणून कोणाचीहि बाजू घेण्यापूर्वीं, हत्याराचा खेळ झाला तो कसा, हें पाहावें असें ठरविलें.

पिस्तुलाचें पूर्वचरित्र कांहीं सात्त्विक नाहीं. युरोपांत अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत मानापमानाचे तंटे द्वंद्वयुद्धानें तोडीत. दोन गृहस्थ पहाटेच्या वेळीं समोरासमोर उभे राहत, शरीर आडवें करून एक हात लांब करीत, आणि चाप ओढीत. आजचा स्पर्धक उभ्यानें एकाच हातांत पिस्तूल धरतो; दुसऱ्या हाताचा आधार त्यास चालत नाहीं. या उभे राहण्यांत त्या जुन्या द्वंद्वाची आठवण उरलेली आहे. अर्वाचीन ऑलिंपिकमध्यें पिस्तुलाच्या शर्यती १८९६ च्या पहिल्याच मेळाव्यापासून आहेत. परंतु द्वंद्वाची छाया त्यांवरून लगेच हटली नाहीं. १९०८ सालीं लंडन येथें मेणाच्या गोळ्या आणि तोंडावर जाड मुखवटे, अशा थाटानें द्वंद्वाचे प्रयोग करून दाखविण्यांत आले. १९१२ सालीं स्टॉकहोम येथें 'द्वंद्व पिस्तूल' याच नांवाची शर्यत होती. वेगवान नेमबाजींत तर लक्ष्यावर मनुष्याची आकृति असे, आणि ती १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकून होती. पुढें तिच्या जागीं काळें वर्तुळ आलें.

या क्रमाचा अर्थ आम्हांस असा दिसतो, कीं प्रथम जिवंत शत्रु गेला, मग त्याची आकृति गेली, आणि शेवटीं उरलें तें एक वर्तुळ आणि त्याकडे पाहणारा मनुष्य. शत्रु जसजसा मागें सरला, तसतसा त्याच्या जागीं नियम येऊन बसला. १९०७ सालीं झुरिच येथें नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली. तेव्हांपासून अंतर किती, वेळ किती, शस्त्राचें वजन किती, याचे नियम बांधले जाऊं लागले. ज्या कृतीचा शेवट पूर्वीं स्मशानांत होई, तिचा शेवट गुणपत्रिकेंत होऊं लागला, हें या नियमांचेंच यश होय.

आपल्या देशांत ही गोष्ट निराळ्या वळणानें आली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें सामान्य हिंदी मनुष्याच्या हातून शस्त्र काढून घेतलें. बंदूक उरली ती लष्कराच्या व पोलिसांच्या चांदमारीवर, संस्थानिकांच्या शिकारखान्यांत आणि परवाना मिळण्याइतकी प्रतिष्ठा असलेल्या थोड्या घरांत. त्यामुळें मध्यम वर्गाच्या मनांत शस्त्राविषयीं दोनच भावना राहिल्या: एक भय आणि दुसरी आकर्षण. सराव, शिस्त आणि निगा यांतून येणारी तिसरी भावना, म्हणजे ओळख, ती रुजण्यास संधीच मिळाली नाहीं.

ती संधि स्वातंत्र्यानंतर आली, आणि ती आणणारा गृहस्थ मराठी होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. १९५१ सालीं नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली. तिचे संस्थापक गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर. मावळंकरांचें घराणें मूळचें रत्नागिरीकडील. दादासाहेबांचा जन्म १८८८ सालीं बडोद्यास झाला आणि त्यांची वकिली व सार्वजनिक कार्य अहमदाबादेंत झालें. १९३७ सालीं ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले, आणि १९५२ सालीं स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष. १९५६ सालीं ते निवर्तले. परंतु त्यांच्या नांवाची नेमबाजीची स्पर्धा आजहि भरते, आणि राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणाऱ्या कित्येक तरुणांस तिच्याच दारांतून जावें लागतें.

गांधीजींच्या सहवासांत राहिलेल्या, सभागृहांत आयुष्य घालविलेल्या गृहस्थानें बंदुकीची संस्था काढावी, याचें प्रथम आम्हांस नवल वाटलें. पण थोडा विचार करतां नवल ओसरलें. सभागृहांत बोलण्याचा अधिकार सर्वांस असतो. तथापि अध्यक्षांनीं पुकारल्यावांचून कोणी बोलावयाचें नाहीं, आणि अध्यक्ष उभे राहिले कीं चालू वाक्यहि आवरून खालीं बसावयाचें, ही तेथील रीत. नेमबाजीच्या मैदानावर रीत अगदीं हीच आहे. दोन्ही ठिकाणीं माणसाच्या हातीं धोक्याची वस्तु असते, एकीकडे जीभ आणि दुसरीकडे पिस्तूल. आणि दोन्ही ठिकाणीं ती वस्तु हिरावून न घेतां तिला वेळ, जागा आणि मर्यादा नेमून दिलेली असते. हा दुवा आमचा आम्हीं जोडलेला आहे, दादासाहेबांच्या तोंडीं आम्ही तो घालीत नाहीं. परंतु तो जुळतो खरा.

मैदानावरील ती रीत आतां जवळून पाहूं. स्पर्धकांच्या ओळीपुढें कोणीहि मनुष्य गेलेला असेल तर शस्त्रास हात लावावयाचा नाहीं. पिस्तुलाचें तोंड सर्वकाळ लक्ष्याच्या दिशेस किंवा सुरक्षित दिशेस असावयाचें. नेम धरीपर्यंत बोट चापावर न्यावयाचें नाहीं. शस्त्र रिकामें आहे हें तोंडानें सांगून भागत नाहीं. त्याच्या नळीच्या कोठ्यांत भडक नारिंगी रंगाची सुरक्षा-दोरी घातलेली दिसली पाहिजे. 'लोड' म्हटल्यावर भरावयाचें, 'स्टार्ट' म्हटल्यावर आरंभ करावयाचा, 'स्टॉप' म्हटल्याबरोबर थांबावयाचें, आणि 'अनलोड' झाल्यावर पंच स्वतः पाहून खात्री करून घेणार. वेळ संपल्यानंतर झाडलेला छर्रा अचूक मध्यभागीं बसला तरी त्याचें मोल शून्य. धोकादायक रीतीनें शस्त्र हाताळणाऱ्यास स्पर्धेंतून काढून टाकण्याचा अधिकार पंचांस असतो, मग तो कितीहि नामांकित असो.

दुसरे नियम शस्त्राचे. हवेचें पिस्तूल ४.५ मिलिमीटर व्यासाचें, वजनानें दीड किलोपेक्षां जड नसावें, आणि त्याचा चाप निदान ५०० ग्रॅम ओढ घेतल्याशिवाय सुटूं नये. २५ मीटरच्या पिस्तुलाच्या चापास हीच मर्यादा १००० ग्रॅमची आहे. स्पर्धेपूर्वीं पिस्तूल उभें धरून चापास तेवढें वजन लटकावतात. वजन उचललें गेलें तर शस्त्र पसंत, नाहीं तर परत. कोणास वाटेल, हा सारा समानतेचा खटाटोप. परंतु अतिहलका चाप मनांत नसतां सुटतो, हेंहि यांत आहे. स्पर्धेंतील न्याय आणि स्पर्धकाची सुरक्षितता यांस येथें एकाच तराजूंत तोलतात.

आणि हें सर्व कशासाठीं? दहा मीटरवरील कागदावर साडेअकरा मिलिमीटरचें, सदऱ्याच्या गुंडीएवढें वर्तुळ असतें. त्यांत पडलेल्या छर्ऱ्यास दहा गुण. असे साठ नेम सव्वा तासांत पुरे करावयाचे. रागावलेल्या किंवा उतावीळ हाताचें येथें कांहीं चालत नाहीं.

निगेची गोष्ट नियमाइतकीच महत्त्वाची, आणि ती आम्हां भारतीयांस टोकियोनें शिकविली. २५ जुलै २०२१ रोजीं ऑलिंपिकच्या पात्रता फेरींत मनु भाकर यांच्या पिस्तुलांतील एक लहानशी तरफ ऐन शर्यतींत मोडली. दुरुस्तींत मोलाचीं मिनिटें गेलीं, आणि गेलेला वेळ नियमाप्रमाणें भरून मिळाला नाहीं. उरलेले नेम घाईंत पुरे करून त्यांनीं ५७५ गुण मिळविले. अंतिम फेरीची सीमा ५७७ वर थांबली. हा कोणाचा हलगर्जीपणा होता असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. उत्तम निगा राखलेलें यंत्रहि मोडतें. परंतु पदक आणि रिकामे हात यांमध्यें कधीं एक बोटभर लोखंड असतें, हें त्या दिवशीं सर्वांस दिसलें. त्याच खेळाडूनें तीन वर्षांनीं, २८ जुलै २०२४ रोजीं, पॅरिसमध्यें याच प्रकारांत कांस्यपदक मिळविलें.

आमच्या कोंकणपट्टींत निगेचा मोठा शत्रु म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर हवेंत इतका ओलावा असतो कीं, घामट हाताचा ठसा पोलादावर राहिला तर थोड्याच दिवसांत तेथें तांब धरते. म्हणून सराव संपला कीं धातूचा भाग कोरड्या फडक्यानें पुसावा आणि बाहेरून तेलाचा पुसट हात द्यावा. पेटींतील स्पंज ओल धरून ठेवतो, यास्तव पावसाळ्यांत पेटी वरचेवर उघडून वाळवावी. हवेच्या सिलिंडरांत सुमारें २०० बार, म्हणजे वातावरणाच्या दोनशेंपट दाब कोंडलेला असतो. त्याच्या तोंडाशीं तेल लावूं नये, त्यास उन्हांत तापूं देऊं नये, आणि त्यावर कोरलेली मुदत टळून गेल्यास तो वापरूं नये. छर्रे शिशाचे असतात. ते हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवावयास बसूं नये. हीं कामें क्षुद्र खरीं. परंतु देव्हाऱ्यांतील उपकरणीं घासणाऱ्या हातास त्यांचें मर्म सांगावें लागत नाहीं.

या शिस्तीचें फळ महाराष्ट्रानें पाहिलेलें आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१० च्या दिल्ली येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत अनिसा सय्यद यांच्यासह २५ मीटर पिस्तुलाच्या जोडीचें सुवर्णपदक मिळविलें. २०१३ सालीं कोरियांतील चांगवॉन येथें विश्वचषकाचें सुवर्ण मिळविलें. आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत बरोबरी झाल्यावर जादा नेमांच्या झुंजींत सुवर्ण जिंकलें. आशियाई स्पर्धेंत नेमबाजीचें सुवर्ण मिळविणारी ही पहिली भारतीय स्त्री. त्यांच्या प्रकारांतील जलद फेरींत हात खालीं पंचेचाळीस अंशांवर ठेवून थांबावें लागतें, आणि खूण होतांच तीन सेकंदांत हात उचलून, नेम धरून, एक गोळी झाडावी लागते. ते तीन सेकंद सर्वांस दिसतात. त्यामागें वर्षानुवर्षें खालीं रोखून धरलेला हात कोणास दिसत नाहीं.

आतां शेजारच्या घरीं परत येऊं. २०१६ च्या शस्त्र-नियमांप्रमाणें ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवेच्या पिस्तुलास परवाना लागत नाहीं. आईस यांत निर्धास्तपणा दिसला. आम्हांस मात्र यांत आजोबांची बाजू दिसली. त्या नळींतून छर्रा सेकंदास सुमारें दीडशें मीटर वेगानें निघतो, आणि मनुष्याचा डोळा कायमचा घालविण्यास तो पुरेसा आहे. जेथें सरकारचा परवाना नाहीं, तेथें परवाना घराला द्यावा लागतो. मैदानावर पंच असतो. दिवाणखान्यांत पंच कोण?

म्हणून आम्हीं दोघांसहि सांगितलें तें असें. पिस्तूल आणावें, परंतु त्याच्याबरोबर मैदानाचे सर्व नियमहि घरांत आणावे. तें रिकामें करून, सुरक्षा-दोरी घालून, कुलुपाच्या पेटींत ठेवावें. छर्रे दुसऱ्या कपाटांत असावे. पाहुण्यांस कौतुकानें दाखविण्यासाठीं तें कधींहि बाहेर निघूं नये. आणि छर्रा झाडावयाचा तो मैदानावरच. पेटीची किल्ली कोणाकडे असावी, हा प्रश्न तेवढा उरला. आमच्या मतें ती आजोबांकडे असावी. ज्याला हत्याराचें भय वाटतें त्याच्यासारखा दक्ष पंच दुसरा मिळणार नाहीं.

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग नातीस म्हणाले, "किल्ली मागायला येशील तेव्हां आधीं नियम म्हणून दाखवायचे." मुलीनें ते तेथल्या तेथें, एकहि न चुकतां, म्हणून दाखविले.